पायाची आडवी कमान : कमान की पन्हळ?

घडीकागद

तळपायाच्या कमानींचा विषय निघाला की दगडी पुलाची उपमा ठरलेली असते. टाच हा एक खांब, चवडा हा दुसरा, आणि मधली हाडे म्हणजे एकमेकांना रेटून धरणारे कमानीचे दगड. पायाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या कमानीपुरती ही उपमा बऱ्यापैकी चालते. तिच्याखाली प्लँटर फॅशिया नावाचा जाड पट्टा टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत धनुष्याच्या दोरीसारखा ताणलेला असतो आणि कमानीची टोके बाहेर सरकू देत नाही.

मला लिहायचे आहे ते दुसऱ्या कमानीबद्दल. ती पावलाच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत आडवी जाते. ओल्या पावलाच्या ठशावरून लांबीच्या कमानीचा अंदाज येतो, हिचा येत नाही. बुटाची नाडी जिथे बांधतो त्या जागी बोट ठेवून ते आडवे फिरवले, तर आतल्या बाजूला उंच आणि बाहेरच्या बाजूला उतरता होत जाणारा उंचवटा हाताला लागतो. तीच ही कमान.

एक कोरा कागद घ्यावा आणि त्याची एक कड चिमटीत धरून तो आडवा पुढे धरावा. पुढचे टोक लगेच खाली लोंबते. आता चिमटीतच कागदाच्या दोन्ही बाजू किंचित वर वळवून त्याला पन्हळीसारखा बाक द्यावा. कागद तोच, वजन तेच, पण तो ताठ उभा राहतो आणि टोकावर खोडरबर ठेवला तरी तो पेलतो. बाक रुंदीच्या दिशेने दिला आणि ताठपणा लांबीच्या दिशेने मिळाला. याचे कारण असे की सपाट कागद वाकताना फक्त वाकतो, मात्र बाक दिलेला कागद लांबीत वाकवायचा म्हटला की त्याचा काही भाग ताणावा लागतो आणि काही भाग दाबावा लागतो. पातळ वस्तू वाकवणे सोपे असते, ताणणे फार कठीण असते. गाउसने १८२७ साली वक्र पृष्ठांविषयी जो सिद्धांत मांडला, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

२०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मधुसूदन वेंकटेशन, श्रेयस मांद्रे, महेश बंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पायाच्या लांबीच्या दिशेतील ताठपणापैकी ४० टक्क्यांहून अधिक वाटा या आडव्या कमानीचा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि तो समजावण्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण आडवा बाक दिलेल्या चलनी नोटेचे होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ‘कमान’ हा शब्द इथे दिशाभूल करतो. कमान ज्या दिशेने वळलेली असते त्याच दिशेने ओझे वाहते आणि दोन टोकांना पोहोचवते. पायाची आडवी कमान मात्र वळते एका दिशेने आणि कामाला येते तिच्या काटकोनातल्या दिशेने. हे कमानीचे काम नसून पन्हळी पत्र्याचे काम आहे. बांधकामाची जाण असलेल्यांचे यावर काय मत आहे?

ओळंबा

मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो, त्यामुळे आधी आकड्यांत बोलतो. पट्टीला आडवा बाक दिला आणि बाकाची उंची पट्टीच्या जाडीइतकीच असली, तरी लांबीतला ताठपणा सुमारे दुप्पट होतो. उंची जाडीच्या १० पट झाली की ताठपणा १०० पटींच्या थोडा वर जातो. आपला कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो; त्याला ५ मिमी बाक दिला तर हिशेबाने ताठपणा अडीच हजार पटींहून अधिक वाढतो. अर्थात हा हिशेब बाक शेवटपर्यंत टिकून राहतो असे गृहीत धरून केलेला आहे, आणि खरी अडचण तिथेच असते. वाकवले की बाक स्वतःहून उघडू, म्हणजे सपाट होऊ पाहतो. बाक उघडला की ताठपणा कमी होतो, ताठपणा कमी झाला की वाक वाढतो आणि वाक वाढला की बाक आणखी उघडतो. पातळ नळ्या वाकवताना त्यांचा छेद असा चपटा होत जातो याचे गणित ब्रेझियर यांनी १९२७ साली मांडले. मोजमापाची पोलादी टेप लांब बाहेर काढत गेलो की एका क्षणी ती मधूनच मोडल्यासारखी दुमडते, त्या जागी ती आधी चपटी झालेली असते.

इमारतींत याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या फोर्ट वर्थ येथील किम्बेल कला संग्रहालय. वास्तुविशारद लुई कान, संरचना अभियंता ऑगस्ट कोमेंडांट, आणि इमारत १९७२ साली खुली झाली. बाहेरून पाहणाऱ्याला ती अर्धगोल छतांची रांग वाटते. प्रत्येक छत सुमारे ३० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद असून केवळ चार कोपऱ्यांतल्या चार खांबांवर टेकलेले आहे. खरी कमान असती तर तिच्या दोन्ही लांब कडांखाली भिंती लागल्या असत्या. इथे त्या कडांखाली आधारासाठी काही नाही. आणखी गंमत अशी की छताच्या अगदी माथ्यावर, जिथे कमानीत दोन्ही बाजूंना अडकवून धरणारा कळीचा दगड बसतो, तिथेच उजेडासाठी लांबच्या लांब फट ठेवलेली आहे. कळीचा दगड काढून घेतल्यावर दगडी कमान उभी राहत नाही. हे छत उभे आहे, कारण ते आडव्या बाकाची तुळई आहे आणि तिच्यात लांबीच्या दिशेने पोलादी तारा ताणून बसवलेल्या आहेत.

म्हणून ‘पन्हळ’ या शब्दाला माझी सहमती आहे. मात्र एक दुरुस्ती सुचवतो. त्या फटीत ठरावीक अंतरावर काँक्रीटचे आडवे दांडे आहेत आणि छताच्या दोन्ही टोकांना छेदाचा आकार धरून ठेवणाऱ्या जाड कमानी आहेत. बाक टिकवणारे असे काहीतरी नसेल, तर पन्हळही फार काळ पन्हळ राहत नाही.

नडगी

मी भौतिकोपचार करते. घडीकागद यांचे म्हणणे रोचक आहे, पण पूर्ण मान्य करता येत नाही. पावलात २६ हाडे असतात. त्यांपैकी घोट्याच्या पुढच्या ओळीत तीन क्युनिफॉर्म आणि एक क्युबॉइड अशी चार हाडे शेजारी शेजारी बसतात. क्युनिफॉर्म म्हणजेच पाचरीच्या आकाराचे. मधल्या आणि बाहेरच्या क्युनिफॉर्मची पाचर वर रुंद आणि तळाशी अरुंद असते, नेमका कमानीच्या दगडासारखा आकार. दुसऱ्या प्रपदास्थीचे, म्हणजे अंगठ्याशेजारच्या बोटाच्या लांब हाडाचे, मूळही तसेच असते. शिवाय मधले क्युनिफॉर्म शेजाऱ्यांपेक्षा आखूड असल्यामुळे हे मूळ एका खाचेत जाऊन बसते, जसे सुतारकामात कूस खाचेत बसते. आडवा छेद घेतला तर दिसते ती कमानच, कळीच्या दगडासकट. तिच्या तळाशी ताणपट्टाही आहे. पेरोनिअस लाँगस या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, बाहेरच्या कडेने क्युबॉइडच्या खोबणीतून तळपायात शिरते आणि तिरकी जाऊन अंगठ्याच्या प्रपदास्थीच्या मुळाशी बांधली जाते.

दुसरी गोष्ट पुढच्या भागाबद्दल. चवड्यापाशी, म्हणजे पाच प्रपदास्थींच्या डोक्यांपाशी (पुढच्या टोकांपाशी), आणखी एक आडवी कमान असते आणि उभे राहताना फक्त पहिले आणि पाचवे डोके टेकते, असे पूर्वी सर्रास शिकवले जाई. तळपायावरील दाब मोजण्याची साधने आल्यावर हे टिकले नाही. उभे राहिल्यावर पाचही डोकी जमिनीवर टेकतात आणि पाचही भार घेतात. म्हणजे आडवा बाक पावलाच्या मध्यात भरपूर असतो आणि पुढे जाताना विरत जातो. चवडा दुखणाऱ्या व्यक्तीला आम्ही जी गादी देतो ती नेमक्या डोक्यांखाली न ठेवता त्यांच्या किंचित मागे ठेवतो. ती डोक्यांखाली सरकली तर दुखणे वाढते.

पाचर

वास्तुइतिहासाच्या बाजूने थोडे. आडवी कमान हा शब्द बांधकामात निदान दोन वेगळ्या अर्थांनी येतो आणि चर्चेत त्यांची सरमिसळ होऊ नये असे वाटते. रोमनेस्क काळातल्या, म्हणजे युरोपातल्या साधारण अकराव्या-बाराव्या शतकातल्या, चर्चच्या लांबट अर्धगोल छताखाली ठरावीक अंतरावर जाडसर कमानी आडव्या घातलेल्या असतात. त्या छताला बरगड्यांसारखा आधार देतात आणि ओझे आपल्याच दिशेने दोन्ही बाजूंच्या खांबांवर उतरवतात. ती खरीखुरी कमान. फ्रान्समधल्या तूर्न्यूच्या सँ फिलिबेर मठात याहून धाडसी कल्पना आहे : सभामंडपाच्या लांबीवर अशा कमानी घालून त्या प्रत्येकीच्या मधे छोटी अर्धगोल छते आडवी टाकलेली आहेत. प्रत्येक छताचा रेटा शेजारच्या छताच्या रेट्याला भिडतो आणि मंडपाच्या लांबीच्या दिशेने टोकांकडे जातो. बाजूच्या भिंतींवर तो पडत नसल्यामुळे त्यांत वर खिडक्या काढता आल्या.

दुसरा अर्थ ओळंबा यांच्या उदाहरणातला. पन्हळी पत्रा १८२९ साली लंडनमध्ये हेन्री पामर यांनी पेटंट केला, तेव्हापासून तो सगळ्यांच्या डोक्यावर आहे. त्यात दगड नाही, कळीचा दगड नाही, रेटाही नाही. केवळ छेदाचा आकार आहे.

नडगी यांचे वर्णन पहिल्या अर्थाचे आणि घडीकागद यांचे दुसऱ्या अर्थाचे. दोघेही पावलाच्या एकाच जागेबद्दल बोलत आहेत, म्हणून वाद वाटतो.

घडीकागद

नडगी, आपला आक्षेप योग्य आहे. हाडांच्या ओळीत खरी कमान आहे हे मी घाईत उडवून लावले. पण मग माझा प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडतो. ती खरी कमान कशासाठी आहे? पावलाच्या दोन कडांच्या मधे आडवे असे मोठे ओझे कोणते येते? शरीराचा भार घोट्यातून उतरतो आणि टाच व चवडा यांच्याकडे, म्हणजे पुढे-मागे, वाटला जातो. मला वाटते, ओळंबा यांनी सांगितलेल्या टोकाच्या जाड कमानींचे काम ही पाचरीची हाडे करतात. ओझे वाहण्यापेक्षा बाक उघडू न देणे हे त्यांचे मुख्य काम असावे. पुढच्या पाच प्रपदास्थी त्या बाकातून निघतात, म्हणून त्या एका पातळीत नसतात. प्रत्येकीचा कल थोडा निराळा असतो.

ओळंबा

हे पटण्यासारखे आहे, आणि त्यात दिशेचा एक मुद्दा आहे जो सहसा कोणी मांडत नाही. पोलादी टेप खोलगट बाजू वर ठेवून बाहेर काढली तर बरीच लांब जाते. उलटी, म्हणजे फुगीर बाजू वर ठेवून काढली तर फार लवकर दुमडते. पहिल्या स्थितीत टेपच्या दोन मोकळ्या कडा ताणल्या जातात, दुसऱ्या स्थितीत त्या दाबल्या जातात, आणि मोकळी पातळ कड दाबाखाली लगेच लाटेसारखी बाहेर फेकली जाते. आता पाऊल पाहा. त्याची फुगीर बाजू वर आहे, पण चालताना टाच उचलली की चवड्यावर जमिनीचा जोर खालून वर येतो. तळाची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. कडा तळाशी आहेत, म्हणून त्या ताणात राहतात. म्हणजे पाऊल ही उलटी धरलेली पन्हळ असली तरी ओझेही उलट्या दिशेने येत असल्यामुळे ती बलवान बाजूनेच वापरली जाते. किम्बेलच्या छताचेही तसेच आहे. फुगीर बाजू वर, आधार दोन टोकांना, खालच्या कडा ताणात.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर माद्रिदच्या सार्सुएला घोडामैदानाचे छत पाहावे. एदुआर्दो तोरोखा यांनी १९३५ च्या सुमारास बांधलेले हे काँक्रीटचे कवच सुमारे १३ मीटर पुढे झेपावते आणि कडेला त्याची जाडी फक्त ५ सेंमी आहे. फुगीर पाकळ्या वर आणि झेपावणारे टोक मोकळे, म्हणजे इथे ताण वरच्या बाजूला येतो आणि पोलाद तिथे घालावे लागते. एवढ्या पातळ कवचावर विश्वास बसावा म्हणून त्यांनी आधी एक पूर्ण आकाराचा भाग बांधून तो मोडेपर्यंत भारला होता.

खडीवाट

मी या विषयात तज्ज्ञ नाही, पण ही कमान माझ्या पायात मोडली होती, म्हणून लिहितो. जिना उतरताना शेवटची पायरी चुकली. बोटे जमिनीवर रोवलेली आणि शरीर पुढे, अशा स्थितीत पाऊल मुरगळले. जिथे दाखवले तिथे पाय लांब करून झोपवलेल्या स्थितीत एक्स-रे काढला आणि हाड शाबूत आहे, लचक आहे, असे सांगून पट्टी बांधून दिली. सूज उतरली, पण तळपायाच्या मधोमध एक जांभळा डाग बरेच दिवस राहिला आणि चवड्यावर उभे राहणे जमेना. टाच उचलली की पाऊल मध्येच वाकल्यासारखे वाटे, जणू आत बिजागरी बसवली आहे.

चौथ्या आठवड्यात दुसरीकडे दाखवले. तिथल्या डॉक्टरांनी तो डाग पाहताच दोन्ही पायांवर उभे राहून एक्स-रे काढायला सांगितला. त्यात डाव्या पावलात अंगठ्याच्या आणि दुसऱ्या प्रपदास्थीच्या मुळांमध्ये स्पष्ट फट दिसत होती. झोपून काढलेल्या चित्रात ती मिटलेली होती. याला लिस्फ्रांक इजा म्हणतात असे कळले. शस्त्रक्रिया करून स्क्रू घालावे लागले. सर्व हाडे अखंड होती, तुटला होता तो फक्त हाडांना बांधणारा एक बंध. तेवढ्याने पायाचा ताठपणा गेला, हे मला तेव्हा समजलेच नव्हते. या चर्चेतला कागदाचा प्रयोग वाचून ते आता कुठे उमगले.

नडगी

खडीवाट, आपण वर्णन केलेला तळपायाचा डाग ही या इजेची महत्त्वाची खूण आहे आणि भार न देता काढलेल्या एक्स-रेमध्ये ही इजा निसटणे दुर्दैवाने नवे नाही. इथे शरीररचनेचा एक विचित्र भाग आहे. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या प्रपदास्थींची मुळे एकमेकींना अस्थिबंधांनी बांधलेली असतात, पण पहिली आणि दुसरी यांच्या मुळांमध्ये असा थेट बंध नसतो. त्याऐवजी आतल्या क्युनिफॉर्मपासून दुसऱ्या प्रपदास्थीच्या मुळापर्यंत एक जाड तिरका बंध जातो, तोच लिस्फ्रांक बंध. तो गेला की आडव्या बाकाची आतली कड मोकळी होते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ४० टक्के हा आकडा मृत पावलांवर, आडवे बंध कापण्याआधी आणि नंतर मोजून आलेला आहे. तिथे स्नायू काम करत नसतात. जिवंत पायात तळपायाचे छोटे स्नायू भार वाढेल तसे आवळतात आणि कमानीचा ताठपणा क्षणाक्षणाला बदलतात. प्लँटर फॅशियाचेही काम स्थिर नसते. बोटे वर वळली की तो पट्टा चवड्याभोवती रहाटासारखा गुंडाळला जातो आणि कमान उंचावते, हे हिक्स यांनी १९५४ सालीच दाखवले होते. तेव्हा एका कमानीला श्रेय देऊन दुसरीला निवृत्त करू नये.

पायदळ

मला जन्मापासून सपाट पाय आहेत आणि तरीही मी लांब पल्ल्याचे धावतो. मग वरच्या हिशेबात मी कुठे बसतो?

नडगी

सपाट पाय म्हणताना आपण फक्त लांबीच्या कमानीकडे पाहतो, ठसाही तिचाच घेतो. आपली आडवी कमान शाबूत असू शकते, आणि तसे असेल तर ताठपणाचा मोठा भाग आपल्याकडे आहेच. दुखत नसेल, चवड्यावर उभे राहिल्यावर टाच आत वळत असेल, तर निव्वळ ठशावरून पायाला आजारी ठरवण्याचे कारण नाही. उलट, ठसा उत्तम असूनही पाऊल मध्ये वाकणारी माणसे असतात. बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयात आलेल्या ३९८ प्रौढांची पावले तपासून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ८ टक्के लोकांचे पाऊल टाच उचलताना मध्यातून वाकत होते, जसे ते चिंपांझीचे वाकते.

पाचर

चिंपांझीचा उल्लेख आला म्हणून जोडतो. घडीकागद यांनी सांगितलेल्या शोधनिबंधात जीवाश्मांच्या हाडांवरून आडव्या बाकाचे मोजमापही केले आहे, आणि माणसासारखा आडवा बाक होमो या प्रजातीच्या किमान १५ लाख वर्षे आधी आलेला होता असे त्यांचे म्हणणे आहे. बांधकामाचा इतिहास पाहता मला यात गंमत वाटते. आपण दगडी कमानी हजारो वर्षे बांधल्या, पण आडव्या बाकाने लांबीचा ताठपणा मिळवणारे छत मोठ्या प्रमाणात वापरायला पत्रा आणि काँक्रीट येईपर्यंत थांबलो. दगडाला ताण सोसत नाही, त्यामुळे पन्हळीची ताणातली कड दगडात करता येत नाही. पायात अस्थिबंध होते.

घडीकागद

खडीवाट यांचा अनुभव वाचून काल कागदाचा प्रयोग पुढे नेला. कागदाला पुढच्या टोकापासून मागे चिमटीच्या थोडे अलीकडेपर्यंत लांबीत चार काप दिले, म्हणजे पाच पट्ट्या झाल्या. चिमटीतला बाक तसाच ठेवला होता. खोडरबर ठेवण्याचा प्रश्नच आला नाही; पट्ट्या स्वतःच्याच वजनाने खाली गेल्या आणि जाताना हाताच्या बोटांसारख्या एकमेकींपासून फाकल्या. बाक होता, पण तो बोटांच्या चिमटीपुरता. मग टोकाजवळ पाचही पट्ट्यांवरून चिकटपट्टीचा एक अरुंद तुकडा आडवा लावला, फट न ठेवता. कागद पूर्वीइतका ताठ झाला नाही, पण पुन्हा उभा राहिला आणि छोटा खोडरबर त्याने पेलला. वजन वाढवत गेलो तशी चिकटपट्टी कापांच्या जागी ताणलेली दिसू लागली आणि शेवटी एका कडेच्या पट्टीवरून सुटली. ती सुटली त्याच क्षणी सगळा कागद खाली आला.

सुटलेली पट्टी डावीकडची होती, खडीवाट, हा केवळ योगायोग समजावा.